क्लिपलेस पेडल : चालवण्याआधी थांबायला शिका

बे एरियातील रस्त्यांवर शनिवार-रविवारच्या सकाळी सायकलस्वारांचे जे जथे दिसतात, त्यांत आता मराठी बोलणेही सर्रास कानी पडते. यातील अनेकांनी चाळिशीनंतर, रक्तातील साखरेचा अहवाल हाती आल्यावर किंवा मुले कॉलेजला गेल्यावर पुन्हा सायकल धरलेली असते. आधी रोड बाइक येते, मग हेल्मेट, मग गादी लावलेली चड्डी. काही महिन्यांनी गटातील एखादा अनुभवी सदस्य सांगतो, ‘‘आता क्लिपलेस पेडल घ्या.’’ तोवरची खरेदी केवळ खर्चाची असते. या खरेदीला पडण्याची भीतीही जोडलेली असते, आणि ती अनाठायी नाही. मात्र ती नेमकी कशाची असावी, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. ‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेले. आणि ते वापरणारे मात्र पाऊल अडकवण्याला ‘क्लिप इन’ व सोडवण्याला ‘क्लिप आउट’ म्हणतात. याचा खुलासा इतिहासात सापडतो. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ शर्यतीचे सायकलस्वार पाऊल पेडलवर स्थिर ठेवण्यासाठी धातूचा लहानसा पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा वापरत. या पिंजऱ्याचे नाव ‘टो क्लिप’. पट्टा आवळला की पाऊल पक्के बसे. परंतु थांबण्यापूर्वी खाली वाकून हाताने तो सैल करावा लागे. हा पिंजरा ज्या पेडलने नाहीसा केला, ते ‘क्लिपलेस’. पिंजरा गेला, नाव मागे उरले.

या दिशेने काही प्रयत्न आधीही झाले होते. 1970 च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या चिनेल्ली कंपनीने ‘एम 71’ हे पेडल आणले. त्यात बुटाचा तळ पेडलमध्ये सरकवला जाई आणि सोडवण्यासाठी पेडलवरची कळ हाताने दाबावी लागे. पडता पडता खाली वाकून कळ शोधण्याइतकी उसंत कोणाला मिळणार? सायकलस्वारांनी या पेडलचे बारसे ‘मृत्यूचे पेडल’ असे केले, यावरून त्याची कीर्ती ध्यानात यावी. खरे उत्तर बर्फावरून आले. फ्रान्समधील नेव्हेर येथील लुक ही कंपनी स्कीचे बंध बनवत असे. घसरत जाणारा माणूस पडला आणि पायाला पीळ बसला, तर बंध आपोआप सुटावा आणि हाड वाचावे, हे त्या बंधाचे तत्त्व. तेच तत्त्व लुकने 1984 मध्ये सायकलच्या पेडलला लावले. पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने ही पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतींच्या जगातील वाद जवळपास मिटला. 1990 मध्ये जपानच्या शिमानोने ‘एसपीडी’ ही पद्धत आणली. तिच्यात बुटाखालचा धातूचा तुकडा तळव्यातच खोलवर बसवलेला असल्याने बूट घालून नीट चालता येऊ लागले.

सुटते कसे

बुटाच्या तळाला घट्ट बसवलेल्या या तुकड्याला ‘क्लीट’ म्हणतात. पेडलवर स्प्रिंग लावलेला जबडा असतो. क्लीटचे पुढचे टोक जबड्याच्या पुढच्या ओठाखाली सरकवून टाचेकडून दाब दिला की मागचा ओठ क्षणभर मागे सरतो आणि ‘टक्’ असा आवाज होऊन पाऊल अडकते. सोडवताना पाऊल वर ओढायचे नसते, मागेही घ्यायचे नसते. टाच सायकलपासून दूर, बाहेरच्या बाजूला फिरवायची. ठरावीक कोनापलीकडे टाच गेली की क्लीटची कड स्प्रिंगला बाजूला ढकलते आणि पाऊल मोकळे होते.

सारी अडचण या एका वाक्यात आहे. महाराष्ट्रात तासाच्या भाड्याने सायकल आणून, सीटवर पाय पुरत नसताना नळीमधून पाय घालून आपल्यापैकी अनेकजण सायकल शिकले. तेव्हापासून तोल गेला की पाय उचलून जमिनीवर टेकवायचा, हे शरीराला इतके पाठ झाले आहे की त्यात विचाराचा भागच उरलेला नाही. क्लिपलेस पेडलवर नेमकी हीच उचल निरुपयोगी ठरते. पाय वर ओढला जातो, पेडल सोडत नाही, आणि सायकल शून्य वेगात, अगदी सावकाश, आडवी होते. धावत्या सायकलवर नवशिका या पेडलमुळे क्वचितच पडतो. तो पडतो सिग्नलपाशी, स्टॉप साइनपाशी, कॉफीच्या दुकानासमोर आणि बहुधा लोकांच्या देखत.

म्हणून या पेडलवर शिकायचे ते थांबणे. सायकल चालवणे आपल्याला येतेच.

कोणत्या बाजूला पडणार?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी सायकलस्वारासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतात वाहने डावीकडून चालतात. थांबताना आपण डावीकडे, फुटपाथच्या बाजूला झुकतो आणि डावा पाय टेकवतो. सायकलवर चढण्या-उतरण्याची सवयही डावीकडूनच असते, कारण साखळी उजवीकडे आणि तिचे काळे तेल पायजम्याला लागू नये हा लहानपणीचा धडा. अमेरिकेत रस्त्याची कड उजवीकडे असते आणि मोटारी डावीकडून पुढे जातात. येथे जुन्या सवयीने डावा पाय सोडवला आणि डावीकडे झुकून उभे राहिले, तर आपण मोटारींच्या दिशेने झुकलेले असतो. तोल गेलाच तर शरीर त्याच मार्गिकेत पडते.

कॅलिफोर्नियात सायकलला ओलांडताना मोटारीने किमान तीन फूट अंतर राखावे, असा नियम 2014 पासून लागू आहे. 2023 पासून, शक्य असेल तेथे मार्गिका बदलून ओलांडण्याचेही बंधन आले. तीन फूट हे अंतर सरळ चालणाऱ्या सायकलसाठी ठीक आहे. आडव्या पडणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. साडेपाच फुटांचा माणूस कुशीवर पडला तर त्याचे डोके त्या तीन फुटांच्या पलीकडे जाते. तेव्हा येथील रस्त्यांवर सोडवायचा पाय उजवा. डावा कितीही सोयीचा वाटला तरी पहिल्या दिवसापासून उजव्याचीच सवय लावावी, कारण दोन महिन्यांनी ती बदलणे पहिल्यांदा लावण्यापेक्षा अवघड जाते. उजव्या पोटरीवर साखळीचा काळा ठसा उमटेल. अनुभवी मंडळी त्याला नवशिक्याचा शिक्का म्हणून हसतात. हसू द्यावे.

नवशिक्यांची सर्वांत सामान्य पडझड पाय सोडवायचे विसरल्यामुळे होते असे मानले जाते. पण दुसराही एक प्रकार तितकाच फसवा आहे: उजवा पाय वेळेवर सुटतो आणि सायकल मात्र डावीकडे कलते. मोकळा पाय एका बाजूला, पडणारे शरीर दुसऱ्या बाजूला. हे टाळण्याचा उपाय हँडलमध्ये आहे. अगदी कमी वेगात हँडल किंचित डावीकडे वळवले की चाके शरीराच्या खालून डावीकडे जातात आणि वजन उजवीकडे झुकते. म्हणजे जो पाय टेकवायचा, त्याच्या विरुद्ध दिशेला हँडलचा अगदी हलका कल. त्याच वेळी सीटवरून पुढे उतरून नळीवर उभे राहायचे. सीटवर बसूनच पाय जमिनीपर्यंत पुरवण्याची धडपड करणारा हमखास कलंडतो.

सराव कोठे आणि कसा

पहिला सराव रस्त्यावर नको आणि गटाबरोबर तर मुळीच नको. गॅरेजच्या भिंतीला एक हात टेकवून सायकलवर बसावे, किंवा ट्रेनर असल्यास सायकल त्यावर चढवावी, आणि प्रत्येक पाय किमान पन्नास वेळा अडकवावा-सोडवावा. हे कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक लोक ते दहा वेळांत उरकतात. पन्नासचा हेतू कौशल्य नसून विस्मरण हा आहे: वर उचलण्याची जुनी ओढ मागे पडून ‘टाच बाहेर’ ही हालचाल विचाराविना घडली पाहिजे. पेडल सर्वांत खाली असताना टाच सर्वांत सहज फिरते. वर किंवा मध्यावर असताना गुडघ्याला उगाच पीळ बसतो.

त्यानंतर मोकळे मैदान किंवा सुटीच्या दिवशीचे शाळेचे रिकामे पार्किंग. हलका गिअर घालावा, कारण जड गिअरवर निघताना पहिला फेराच पुरा होत नाही. डावा पाय अडकवलेला, उजवा मोकळा, असे निघून थोडे जाऊन थांबावे. हे अंगवळणी पडल्यावर दोन्ही अडकवून निघावे. निघताना डावे पेडल घड्याळातील दहाच्या स्थितीला आणावे, त्यावर जोर देऊन सायकल हलवावी आणि उजवे पाऊल सावकाश जागेवर आणावे. ते लगेच अडकले नाही तर खाली मान घालून शोधू नये. बुटाचा मधला भाग पेडलवर ठेवून पायडल मारत राहावे, वेग आल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. खाली पाहणारा माणूस समोरच्या गोष्टीवर आदळतो.

थांबण्याचा क्रम मात्र मनात कोरून ठेवण्यासारखा आहे. थांबण्याची शक्यता दिसताच, निश्चित होण्याची वाट न पाहता, उजवी टाच फिरवून पाऊल सोडवायचे, सुटलेले पाऊल पेडलवरच अलगद ठेवायचे, मग ब्रेक, मग सीटवरून उतरून उजवा पाय जमिनीवर. सिग्नल हिरवा झाला तर पुन्हा अडकवण्याचे कष्ट पडतील, इतकेच. कॅलिफोर्नियात स्टॉप साइनवर सायकलनेही पूर्ण थांबणे कायद्याने बंधनकारक आहे (आयडाहोत मात्र 1982 पासून सायकलस्वाराला रस्ता मोकळा असल्यास वेग कमी करून पुढे जाता येते). निवासी वस्तीत एकामागून एक चौकात थांबावे लागते, त्यामुळे दक्षिण बेच्या गल्ल्या हा क्लिपलेससाठी सर्वांत कठीण प्रदेश ठरतो. उलट पेनिन्सुलावरील कॅन्याडा रोडचा एजवूड रोड ते हायवे 92 हा तुकडा वर्षातील बऱ्याच रविवारी मोटारींना बंद असतो. सॅन मॅटेओ काउंटीचे वेळापत्रक पाहून तेथे गेल्यास रुंद, मोकळा रस्ता आणि शेजारी क्रिस्टल स्प्रिंग्ज जलाशय असा सराव साधता येतो. पहिली दोन-तीन आठवडे तेथेच काढावीत आणि मग रहदारीकडे वळावे.

आणि तरीही पडलोच तर? हात हँडलवरून काढून जमिनीकडे पुढे करू नये. मनगट आणि खांद्याजवळचे कॉलरबोन याच प्रतिक्षिप्त क्रियेने मोडते. हँडल घट्ट धरून, कोपर आत घेऊन, मांडी आणि खांद्याच्या मांसल भागावर पडणे परवडते. सांगणे सोपे आहे हे खरे. परंतु गवतावर एक-दोनदा जाणूनबुजून हळूच पडून पाहिलेल्याला ते आठवते.

काय घ्यावे

रोड बाइकच्या दुकानात विक्रेता तीन बोल्टची पद्धत पुढे करतो. शिमानोची एसपीडी-एसएल आणि लुकची किओ ही त्यातील प्रमुख नावे. क्लीट मोठी, प्लॅस्टिकची आणि तळव्याबाहेर आलेली. दाब रुंद जागेवर पसरतो, म्हणून लांब पल्ल्याला आराम वाटतो. पण चालताना बदकासारखे चालावे लागते आणि फरशीवर घसरायला होते. शिवाय ही पेडल एका बाजूनेच अडकतात. दोन बोल्टची एसपीडी लहान, धातूची, बहुतेक दोन्ही बाजूंनी अडकणारी आणि चालता येण्याजोगी. आमचे मत स्पष्ट आहे: पहिली पेडल एसपीडीच असावीत, सायकल कितीही महागाची असो. त्यातही क्लीट घेताना ‘एसएच 56’ मागून घ्यावी. नेहमीच्या ‘एसएच 51’ पेक्षा ही अधिक दिशांनी सुटते. घाबरून पाय वर ओढला तरी बहुधा मोकळी होते. उभे राहून जोरात ओढल्यास ती नकोशा वेळी सुटू शकते, हा तिचा दोष. शिकणाऱ्याला तो परवडतो.

पेडलवर लहानसा स्क्रू असतो. अ‍ॅलन की घालून तो वजा चिन्हाकडे फिरवला की जबडा सैल होतो. नवी पेडल बसवल्याबरोबर दोन्ही पेडलच्या सर्व जबड्यांचे स्क्रू शेवटपर्यंत सैल करावेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही येथेच सांगून ठेवू: दोन्ही पेडल बसवताना पाना वरच्या बाजूने सायकलच्या पुढच्या दिशेला फिरतो, काढताना मागच्या.

अडकलेल्या अवस्थेतही टाच थोडी इकडेतिकडे हलू शकते. या मोकळिकीला ‘फ्लोट’ म्हणतात. एसपीडी-एसएलमध्ये पिवळ्या क्लीटला 6 अंश, निळीला 2 आणि लालला शून्य; लुक किओमध्ये मात्र लाल 9, राखाडी 4.5 आणि काळी शून्य. रंगांचा हा उलटसुलट संकेत लक्षात न घेता लाल क्लीट घेतली, तर एका कंपनीत सर्वाधिक मोकळीक मिळते आणि दुसरीत काहीच नाही. नव्या माणसाने जास्त मोकळीक असलेलीच घ्यावी, कारण गुडघा स्वतःची वाट स्वतः शोधतो. त्याला चुकीच्या कोनात जखडले की तासाभरात नव्वद फेरे प्रति मिनिट या हिशेबाने पाच हजारांहून अधिक वेळा तोच चुकीचा पीळ बसतो. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला नव्यानेच दुखू लागले, तर पहिला संशय क्लीटच्या कोनावर घ्यावा. क्लीट पुढे-मागे कोठे बसवावी याचा ढोबळ नियम असा: पायाच्या अंगठ्यामागचा फुगीर सांधा पेडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे यावा. म्हणजे शंका असल्यास क्लीट टाचेकडे सरकवावी, बोटांकडे नव्हे.

खरोखर गरज आहे का?

‘पाय वर ओढूनही ताकद लावता येते, म्हणून वेग वाढतो’ हे विक्रीचे जुने वाक्य. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सायकलस्वारांना वेगवेगळ्या तऱ्हेने पायडल मारायला लावले गेले. मुद्दाम वर ओढणाऱ्या पद्धतीत शरीराची ऊर्जा अधिक खर्च झाली, कार्यक्षमता घटली. अनुभवी स्वारही संथ चालीत फारसे ओढत नाहीत. खाली दाबणारा पाय दुसऱ्याला वर आणतो. क्लिपलेसचा खरा लाभ वेगळा आहे. पाऊल प्रत्येक वेळी त्याच जागी राहते, पावसात किंवा खडबडीत उतारावर घसरत नाही, जलद फेऱ्यांत उडत नाही. ओल्ड ला होंडासारखा चढ उभे राहून चढताना हे जाणवते. दहा मैलांवरच्या ऑफिसला जाताना फारसे जाणवत नाही, आणि त्यासाठी खुंट्या असलेले रुंद साधे पेडल उत्तम.

काहींनी या वाटेला न जाणेच इष्ट. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना पाऊल अडकले की सुटले हे कळत नाही. ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे, त्यांना उभ्या उंचीवरून झालेले पडणेही महागात पडू शकते. रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांनी हा विषय डॉक्टरांशी अवश्य बोलावा. गटातील सगळे क्लिपलेस वापरतात, हे कारण पुरेसे नाही.

सुटीत भारतात जाऊन मित्राची सायकल घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाण्याचा बेत असेल, तर पाय बदलावा लागेल. तेथे कड डावीकडे आहे. शरीर मात्र येथील उजव्या सवयीने वागू पाहील. पुण्याच्या रहदारीत पहिले दोन दिवस साधी पेडल वापरणे शहाणपणाचे.

शेवटी बोल्टांबद्दल. क्लीटचा एक बोल्ट सैल होऊन पडला, तर क्लीट बुटाखाली स्वतःभोवती फिरू लागते. टाच कितीही वळवली तरी क्लीट जबड्यातच राहते आणि पाऊल सुटत नाही. असे झाल्यास झटापट करू नये. चालत राहावे, दुसरा पाय मोकळा करून त्यावर थांबावे आणि अडकलेला पाय बुटातूनच बाहेर काढावा. बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावून बोल्ट 5 ते 6 न्यूटन-मीटर इतके आवळावेत, पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत आणि पुढे महिन्यातून एकदा हात फिरवावा. क्लीट झिजतेही, विशेषतः प्लॅस्टिकची. जो पाय आपण टेकवतो त्याची आधी. पाऊल आपोआप सुटू लागले किंवा पूर्वीइतके नेमके ‘टक्’ ऐकू येईनासे झाले, की नवी जोडी घ्यावी, आणि जुनी काढण्यापूर्वी तिच्या कडेने बुटाच्या तळावर पेनाने रेघ मारून ठेवावी, म्हणजे नवी त्याच जागी बसते.